आमचा एसी आणि थॉमस मिजली

गेल्या सेमला वर्कशॉपमधल्या एका जुन्या गाडीत आम्ही चौघांनी दुसरं इंजिन बसवलं. इंजिन झकास चालू झालं, पण एसी गार हवा देईना. वायरिंग तपासलं, कॉम्प्रेसरचा क्लच लागत होता, फॅन फिरत होता. शेवटी मामांनी सिस्टीम रिकामी करून पाईपमध्ये बोट घातलं, आणि बोटाला जुनं तेल लागलं! गाडीची कॉइल जुन्या आर-१२ गॅसची, आत मिनरल ऑइल. इंजिनाबरोबर आलेला कॉम्प्रेसर मात्र आर-१३४ए चा. हा गॅस ते तेल सोबत वाहून नेत नाही. तेल कॉइलमध्ये साचतं, आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो.

हा आर-१२ काढला कोणी, म्हणून लायब्ररीत बसलो आणि थॉमस मिजली भेटला. (शुद्धलेखन सांभाळून घ्या, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीचा तास म्हणजे डुलकीचा तास.)

जन्म १८८९, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. १९११ साली कॉर्नेलमधून पास झाला तो आपल्यासारखाच मेकॅनिकलवाला. केमिस्ट्रीची डिग्री नाही! १९१६ मध्ये डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली लागला. तेव्हा इंजिनांना नॉकिंगचा रोग होता. मिजलीने आयोडीन वापरून पाहिलं, टेल्युरियमही पाहिलं, पण त्याचा लसणासारखा वास कपड्यांतून जाता जाईना. डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड सापडलं आणि नॉकिंग थांबलं.

पण लेड म्हणजे शिसं, विषच ते. १९२३ मध्ये खुद्द मिजलीला त्याची बाधा झाली, हवापालटाला फ्लोरिडाला जावं लागलं. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात भ्रम होऊन पाच कामगार मेले. तरीही त्याच महिन्यात या गृहस्थाने पत्रकारांसमोर तेच रसायन हातावर ओतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं.

पुढचं काम फ्रिजचं. तेव्हा फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले जीवघेणे गॅस असत. १९२८ मध्ये मिजली आणि अल्बर्ट हेन यांनी आर-१२, म्हणजे फ्रिऑन, तयार केला. १९३० साली मिजलीने सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटत नाही, एका फुंकरीत दोन्ही सिद्ध! मोटारींच्या एसीतही पुढे हाच गॅस आला. ओझोनचं गणित मोलिना आणि रोलंड यांनी मांडलं १९७४ मध्ये, मॉन्ट्रिअल करार झाला १९८७ मध्ये.

आमच्या विंगमध्ये यावरून रात्री दोनपर्यंत भांडण झालं. रूममेट म्हणतो, दोन्ही पापं त्याचीच. मला नाही पटत. ओझोनचं त्याला कळणं शक्यच नव्हतं, ते माफ. पण शिशाचं त्याला स्वतःच्या अंगावरून ठाऊक होतं, तरी तो हसत हात धूत उभा राहिला. ते कसं माफ करायचं? शिशाचं पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं, जगात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.

१९४० मध्ये मिजलीला पोलिओ झाला. अंथरुणातून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि पुल्यांची यंत्रणा स्वतःच बनवली. २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो गेला. वय ५५.

आमच्या गाडीची लाइन फ्लश केली, ड्रायर आणि ओ-रिंगा बदलल्या, व्हॅक्यूम ओढून नवं तेल आणि गॅस भरला. आता गार लागतं. चढावर इंजिन थोडं नॉक करतंय, रविवारी टायमिंग बघणार आहोत.