आमटी-उसळीमागचे विज्ञान : डॉ. कमला सोहोनी

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये दुपारी एकच्या सुमारास डबे उघडतात. कुणाकडे पोळी आणि मटकीची उसळ, कुणाकडे वरण-भात. ज्यांना डबा जमत नाही, ते रस्त्याकडेच्या वडापावकडे वळतात आणि पुढे प्रथिनांची उणीव भासली की महागडी पावडर विकत आणतात. डब्यातल्या त्या साध्या उसळीत काय दडले आहे, याचा प्रयोगशाळेत शोध घेण्यात एका मराठी स्त्रीने आयुष्याची अनेक वर्षे घालवली. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत. १९११ मध्ये इंदूरला जन्म. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. विदुषी दुर्गा भागवत या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. केवळ स्त्री म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचे आणि आपल्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. अपमान गिळून त्या कामाला लागल्या. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील संशोधनासाठी नोबेल मिळालेले फ्रेडरिक हॉपकिन्स तिथे होते. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ आढळले. अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या पेशीतील प्रक्रियेत हे प्रथिन महत्त्वाचे असते. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, नंतर कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. गरिबाच्या ताटात जे परवडते, त्यातून पोषण कसे मिळेल, हा प्रश्न त्यांनी मुंबईत हाती घेतला. कडधान्ये हे त्याचे एक उत्तर होते.

कच्च्या कडधान्यांत प्रथिन भरपूर असले, तरी ‘ट्रिप्सिन’ या पाचक द्रव्याला अडवणारे घटकही असतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या घटकांचा अभ्यास केला. नीट शिजवल्यावर त्यांचा जोर बराच ओसरतो. भिजवल्याने आणि मोड आणल्याने पचन आणखी सुलभ होते. मोड येताना ‘क’ जीवनसत्त्वही वाढते.

त्यांचे दुसरे मोठे काम नीरेवर झाले. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडाच्या या ताज्या, न आंबलेल्या रसाचा अभ्यास हाती घेतला. त्यात लोह आणि जीवनसत्त्वे आढळली. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही विज्ञान संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना चार वर्षे ताटकळावे लागले.

निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. १९६६ मध्ये सुरू झालेल्या भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या, पुढे अध्यक्षही झाल्या. अन्नातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्यांनी सामान्य गृहिणींना शिकवले. सकस अन्न ताटात असून भागत नाही, ते शुद्धही असावे लागते, हा त्यामागचा विचार. १९९८ मध्ये दिल्लीत सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि काही काळाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचा धागा आजच्या डब्यापर्यंत पोहोचतो. गहू, ज्वारी, तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत मिथिओनिन कमी, ते धान्यांतून मिळते. म्हणून भाकरी-पिठले किंवा वरण-भात ही जोडी एकट्या धान्यापेक्षा सरस ठरते. उसळीवर लिंबू पिळले, तर त्यातले लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागूनच चहा घेतला, तर कमी. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

रात्रपाळी करणाऱ्याला रोज साग्रसंगीत स्वयंपाक जमणार नाही. पण रात्री मूठभर मटकी भिजत घालायला दोन मिनिटे पुरतात. दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधली, की मोड तिचे तीच काढते.