संत बहिणाबाईंची गुरुनिष्ठा

भगवान नित्यानंदांनी ८ ऑगस्ट १९६१ रोजी देह ठेवला. ज्यांना त्यांचे दर्शन कधीही घडले नाही असे सहस्रावधी भाविक आज आमच्या गणेशपुरीस येऊन त्यांच्या समाधीपुढे मस्तक ठेवतात. हे दृश्य पाहिले म्हणजे प्रत्यक्ष भेटीपूर्वीच तुकोबांस गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाईंचे आम्हांस स्मरण होते.

त्यांचा जन्म इ. स. १६२८ मध्ये वेरूळनजीकच्या देवगावी, कुलकर्ण्यांच्या ब्राह्मण कुळात झाला. अजाण वयातच तिशीच्या बिजवराशी लग्न लागले. पुढे भाऊबंदकीमुळे कुटुंबास गाव सोडावे लागले व पंढरपूर, शिंगणापूर करीत मंडळी कोल्हापुरी स्थिरावली. तेथे पतीस सवत्स धेनू दान मिळाली. वासरास बहिणाबाईंचा इतका लळा लागला की जयरामस्वामींच्या कीर्तनासही ते त्यांच्यासमवेत जाई. लोकांत बोलवा झाली. क्रुद्ध पतीने त्या अल्पवयीन मुलीस बांधून मारले. वासराने चारा सोडला आणि प्राणही सोडला. बहिणाबाई कित्येक दिवस निश्चेष्ट पडून होत्या. कीर्तनात ऐकलेल्या तुकोबांच्या पदांचाच त्यांना ध्यास लागला, आणि कार्तिकात तुकोबांनी स्वप्नात येऊन त्यांस उपदेश केला.

वेदपाठी ब्राह्मणाच्या पत्नीने कुणबी वाण्यास गुरू करावे! पतीचा संताप अनावर झाला व गर्भवती पत्नीस टाकून जाण्याचे त्यांनी ठरविले. परंतु त्याच वेळी दुर्धर आजाराने गाठले, पश्चात्ताप झाला, आणि दोघेही देहूस गेली. तेथे मंबाजीने आपले शिष्यत्व पत्करण्याचा आग्रह धरला. तो न मानल्यामुळे त्यांच्या गाईस मारहाण झाली. तरीही निष्ठा ढळली नाही. मात्र गुरुभक्तीसाठी त्यांनी पतिसेवा सोडली नाही, हे आमच्या भगिनींनी ध्यानी घ्यावे. आणि पत्नीची श्रद्धा मारून मोडत नाही, हे आमच्या बंधूंनीही घ्यावे.

ज्ञातीच्या स्मरणिकेत हे चरित्र कशास, असे कोणी पुसेल. ब्राह्मण कोणास म्हणावे, याचा जन्मापलीकडे जाऊन विचार करणारी 'वज्रसूची' याच बाईंनी अभंगरूपाने मराठीत आणली. ज्ञातीचा अभिमान बाळगणाऱ्या आम्ही सर्वांनीच ती एकदा वाचावयास हवी.

पुढे त्यांचे वास्तव्य वैजापूरनजीक शिऊर येथे झाले. इ. स. १७०० मध्ये अंतकाळ समीप आल्याचे जाणून त्यांनी पत्र धाडून पुत्र विठोबास बोलावून घेतले आणि आपल्या पूर्वजन्मांची हकीकत त्यास सांगितली. शिऊर येथेच त्यांची समाधी आहे.