शेतकऱ्यांचे जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांना आपण मुलींच्या शाळेमुळे ओळखतो. पण मला ते शेतकऱ्यांचे कैवारी म्हणून जास्त आवडतात. म्हणून मी त्यांच्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. ते वर्षाचे असतानाच आई चिमणाबाई वारल्या. वडील गोविंदराव पुण्यात फुलांचा धंदा करत. जोतीराव शाळेत जाऊ लागले, पण लोकांचं ऐकून वडिलांनी त्यांना शाळेतून काढलं आणि बागेत कामाला लावलं. पुढे मुन्शी गफार बेग व लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली. तेव्हा १८४१ साली त्यांची शाळा पुन्हा सुरू झाली. हाती कुदळ आली की पाटी सुटते, हे त्यांनी स्वतः सोसलं होतं.

१८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. तिथं सावित्रीबाई शिकवू लागल्या. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला.

पुण्याजवळ मांजरीला ते शेतीही करत. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा आसूड' हे पुस्तक लिहिलं. जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावी जाऊन ते लोकांना वाचून दाखवलं. कारण ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांतल्या पुष्कळांना वाचता येत नव्हतं. शेतात ताली-बांध घालून माती धरावी, तळी-धरणं बांधावी, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचं शिक्षण द्यावं, पिकांची प्रदर्शनं भरवून चांगल्या शेतकऱ्याला बक्षीस द्यावं, असे उपाय त्यांनी सांगितले.

आपल्या लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत जनावरांचं आणि फळं-भाजीपाल्याचं प्रदर्शन भरतं, बक्षिसंही मिळतात. ते पाहताना मला जोतीरावांची आठवण येते. १९६८ साली राहुरीला कृषी विद्यापीठ स्थापन झालं. त्यालाही आज त्यांचंच नाव आहे. तिथल्या नव्या वाणांच्या नावात 'फुले' असतं. 'फुले संगम' हे सोयाबीनचं बी आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे.

पण बी सुधारलं म्हणजे सगळं झालं असं मला वाटत नाही. आमच्याकडं तिफणीच्या चाड्यावर मूठ बायाच धरतात. खुरपणी त्यांची, कापूस वेचणी त्यांची. कोणतं वाण लई वेचावं लागतं, कोणत्या डाळीला चव आहे, हे त्यांनाच ठाऊक. पण शेतीची माहिती सांगायला गावात कुणी आलं, की पुढं बसतात ते बापे माणसं. ज्याला दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचं असतं, तोही सभेला येत नाही. मग नवं ज्ञान मोजक्याच घरी जातं. जोतीरावांचं सगळं भांडण याच गोष्टीशी होतं.

१८८८ साली लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले.

हे भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना माझी एक विनंती आहे. यंदा बी आणायला जाण्याआधी घरातल्या बाईमाणसाला एकदा विचारा. आणि पेरणीच्या दिवसांत आम्हा पोरींची शाळा बुडवू नका.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी