येल्लाप्रगडा सुब्बाराव : फॉलिक ॲसिडच्या गोळीपासून कर्करोगाच्या औषधापर्यंत



आपल्या शाळांतून आठवड्याला एक गोळी मुलांना दिली जाते. लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. लोह आणि फॉलिक ॲसिडची. मळमळतं म्हणून पोरं कुरकुर करतात, उपाशीपोटी घेऊ नका असं आपण बजावतो, रजिस्टरमध्ये खूण करतो आणि पुढचा तास सुरू होतो. पण त्या गोळीतलं फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या चमूचा प्रमुख एक भारतीय होता, आणि त्याच कामातून कर्करोगावरचं एक मोठं औषध निघालं, हे सांगायचं राहून जातं. आज त्यांचीच गोष्ट बघू या.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातल्या भीमवरम गावी झाला. (पैनगंगेच्या पलीकडे तेलंगण. आपल्या झरी, पांढरकवड्याकडच्या ज्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, ती हे आडनाव आपल्यापेक्षा नीट उच्चारतील. त्यांच्याकडूनच वाचून घ्या.) घरची परिस्थिती बेताची, वडील आजारी. तेराव्या वर्षी हा मुलगा पैसे कमवायचे म्हणून काशीला केळी विकायला पळून निघाला होता; आईने परत आणलं. मॅट्रिक तिसऱ्या प्रयत्नात पास. आपल्या वर्गातल्या नापासांना हे जरूर सांगा, पण घाईने नको. पुढचं ऐकून मग सांगा.

मद्रासच्या मेडिकल कॉलेजात शिकताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन ते खादी वापरू लागले. शल्यक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकाला ते रुचलं नाही. परिणाम असा की इतर विषय चांगले असूनही एमबीबीएसऐवजी त्याखालची एलएमएस ही पदवी हातात पडली. त्याच काळात दोन भाऊ गेले. रोगाचं नाव ट्रॉपिकल स्प्रू, आपल्याकडे ज्याला संग्रहणी म्हणतात तो. अन्न अंगी लागत नाही, रक्त उतरतं, माणूस वाळत जातो. डॉक्टर होऊ घातलेल्या भावाला घरात काहीच करता आलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२२ साली सासऱ्यांच्या मदतीने ते अमेरिकेत बोस्टनला गेले. पत्नी शेषगिरी मागे राहिली. पोट भरायला इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामं केली, दिवसा अभ्यास. मग हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर रक्तातला फॉस्फरस मोजण्याची पद्धत काढली (१९२५). जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकांत ती आजही फिस्के-सुब्बाराव याच नावाने आहे. स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं. १९२९ मध्ये एटीपी. हो, तोच एटीपी, जो आपण पेशीचं चलन म्हणून फळ्यावर लिहितो. जर्मनीत लोमान यांनीही तो त्याच सुमारास शोधला. एवढं करून हार्वर्डने कायमची जागा दिली नाहीच. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि लवकरच संशोधनप्रमुख झाले. भारतात परत येणं काही झालं नाही. पत्नीची पुन्हा भेट नाही. मला हा भाग कुठल्याही गौरवाने झाकावासा वाटत नाही.

आता थोडं मुंबईत येऊ. १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणी-कामगार वस्तीतल्या गरोदर बायांच्या रक्तक्षयावर काम करत होत्या. यीस्टचा अर्क दिला की बाया सुधारतात, हे त्यांना दिसलं. अर्कात नेमकं काय होतं, ते तेव्हा कळलं नाही. पुढे तेच द्रव्य पालकाच्या पानांतही सापडलं आणि लॅटिनमधल्या पान या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं. पण पानांतून, यकृतातून ते चिमूटभर निघायचं. १९४५ मध्ये सुब्बारावांच्या चमूने ते कृत्रिमरीत्या बनवलं आणि मग ते हवं तेवढं मिळू लागलं. स्प्रूच्या रुग्णांना ते लागू पडलं. भावांसाठी मात्र पंचवीसेक वर्षं उशीर झाला होता.

पुढची पायरी जरा सावकाश समजावून घ्या. पेशीला दोन व्हायचं तर डीएनएची नक्कल काढावी लागते आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड लागतं. कर्करोगाच्या पेशी सारख्या वाढत असतात, म्हणजे त्यांना ते सतत हवं. बोस्टनचे बालरोग-विकृतितज्ज्ञ सिडनी फार्बर यांना शंका आली की फॉलिक ॲसिडने मुलांचा रक्ताचा कर्करोग उलट वाढतो. मग त्याचं नकली रूप दिलं तर? कुलपात बसणारी पण न फिरणारी किल्ली. ती अडकली की खरी किल्ली आत जात नाही. लेडर्लेच्या चमूने असे नकली रेणू बनवून दिले. त्यातल्या अमिनोप्टेरिनने १६ पैकी १० मुलांना काही काळ बरं वाटलं. हे जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी या मुलांसाठी डॉक्टरांच्या हाती जवळपास काहीच नव्हतं. ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले, वय ५३. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही जगभर वापरात आहे. हत्तीरोगाच्या मोहिमेत आपल्या विदर्भात घरोघरी दिली जाणारी डीईसीची गोळीही त्यांच्याच प्रयोगशाळेची देन.

पण ती मुलं पुन्हा आजारी पडली. काही पेशी औषधाला पुरून उरतात. कपाशीवर एकच औषध मारत राहिलं की अळी दाद देईनाशी होते, तसंच. म्हणून १९६० च्या दशकात, क्षयरोगाच्या उपचाराकडे पाहून, डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटसह चार औषधं एकत्र दिली आणि मुलं खरोखर जगू लागली. आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर मुंबईच्या टाटा रुग्णालयाने डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगासाठी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांची जोडी महागड्या सलाइनशी ताडून पाहिली (२०२०). गोळ्यांचे रुग्ण सरासरी महिना-दीड महिना जास्त जगले आणि त्रास कमी झाला. फार नाही, खरं आहे. पण खर्र्याने तोंड उघडेनासं झालेले किती जण आपल्या गावात आहेत, ते आठवा म्हणजे या महिन्याचं मोल कळेल.

तरी मूळ अडचण राहतेच. हे विष आहे, आणि विषाला आपलं-परकं कळत नाही. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी आणि मजूर दगावले. अळीसाठीचं औषध माणसाच्या अंगात गेलं. सलाइनमधून दिलेलं औषधही असंच सगळीकडे फवारलं जातं. केस जातात, तोंड येतं, रक्त कमी होतं. त्यात दोन औषधं असली की एक शरीरातून लवकर निघून जातं, दुसरं रेंगाळतं. बाटलीत मोजून घातलेलं प्रमाण गाठीपर्यंत पोचेस्तोवर बिघडलेलं असतं.

इथे नॅनोकण येतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. शंभर नॅनोमीटरचे सुमारे हजार कण ओळीने ठेवले तर एका केसाची जाडी भरते. चरबीच्या इवल्या फुग्यात दोन्ही औषधं ठरलेल्या प्रमाणात कोंडली, की ती एकत्र प्रवास करतात आणि एकत्रच उतरतात. फवारणीऐवजी ठिबक, असं मुलांना सांगा. ठिबकही थोडं इकडेतिकडे गळतंच, तेही सांगा. असं एक औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं : सायटाराबिनचे पाच रेणू, डॉनोरुबिसिनचा एक. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात वयस्क रुग्णांचं मधलं आयुष्य साधारण सहा महिन्यांवरून साडेनऊवर गेलं.

आणि सुब्बाराव इथेही भेटतात. अंडाशयाच्या आणि इतर काही कर्करोगांच्या पेशी फॉलिक ॲसिडच्या हावरट. त्यांच्या पृष्ठभागावर ते पकडणारे ग्राहक जास्त असतात. म्हणून संशोधक नॅनोकणावर बाहेरून फॉलिक ॲसिड चिकटवतात. पेशी अन्न समजून ओढून घेते आणि आत निघतं औषध, कधीकधी मेथोट्रेक्सेटच. हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि उंदरांवर चाललंय. तेव्हा गावात कुणी नॅनो औषध म्हणून महागडी बाटली विकत असेल तर आधी नागपूरच्या किंवा सेवाग्रामच्या डॉक्टरांना विचारा.

पालकांसाठी एक शेवटची गोष्ट. मेथोट्रेक्सेट संधिवातालाही देतात, त्यामुळे आजीच्या डब्यात ते असू शकतं. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं; रोज घेतलं तर जिवावर बेततं. त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिड लिहून देतात. म्हणजे सुब्बारावांची खरी किल्ली आणि नकली किल्ली एकाच डब्यात, आणि दोन्ही गोळ्या बऱ्याचदा छोट्या, पिवळसर. पाकिटांवर वाराचं नाव ठळक लिहून ठेवण्याचं काम घरातल्या सहावी-सातवीच्या मुलाला द्या.