परळच्या इन्स्टिट्यूटला ज्यांचं नाव आहे, त्या हाफकिन यांच्यावर १९ मृत्यूंचा ठपका होता

परळची हाफकिन इन्स्टिट्यूट मुंबईकरांना माहिती असते. पण हाफकिन कोण, असं विचारलं की गाडी अडते.

वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० चा, ओडेसातल्या ज्यू कुटुंबातला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि १८९२ मध्ये स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला आले.

१८९६ ला मुंबईत प्लेग घुसला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काम सुरू केलं. मांसाच्या सूपवर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू वाढायचे, मग उष्णता देऊन ते मारायचे. मेलेला जंतू प्लेग देत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. १० जानेवारी १८९७ ला सुई परत स्वतःलाच. मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली.

आणि १९०२ ला घात झाला. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं.

आता गंमत बघा. हे १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले. त्याच दिवशी बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीच झालं नाही. ती बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात!

रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे १९०७ ला हाफकिन सुटले. परळची खुर्ची मात्र गेली ती गेलीच, ते कलकत्त्याला रुजू झाले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये. १९३० ला स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये ते वारले.