एलियट पोर्टर : बुडणाऱ्या घळींचे फोटो काढणारा डॉक्टर

समजा तुम्ही वाळवंटातल्या एका अरुंद घळीत, म्हणजे स्लॉट कॅनियनमध्ये उभे आहात. हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात आणि मागे सरकायला जागाच नाही. अशा वेळी आपण फोनवर ०.५ एक्स दाबतो. पण वाइड अँगल लेन्स सगळंच फ्रेममध्ये घेते, वरची आकाशाची फटसुद्धा. मग फट पांढरीफटक येते आणि खालचा दगड काळा. फोन नव्हते तेव्हा एका माणसाने अशा जागांचे अप्रतिम फोटो काढले. त्याचं नाव एलियट पोर्टर.

पोर्टरचा जन्म १९०१ साली अमेरिकेत, शिकागोजवळच्या विनेट्का गावात झाला. लहानपणीच हातात कॅमेरा आला आणि पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला. पुढे तो केमिकल इंजिनिअर झाला, मग हार्वर्डमधून डॉक्टर झाला आणि तिथेच शिकवू लागला. १९३८ च्या शेवटी प्रसिद्ध फोटोग्राफर आल्फ्रेड स्टिग्लिट्झने न्यूयॉर्कमध्ये त्याचं प्रदर्शन भरवलं. त्यानंतर पोर्टरने हार्वर्डची नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ कॅमेरा हातात घेतला.

त्या काळात कलेचा फोटो म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, असंच समीकरण होतं. पण पक्षी ओळखायचा तर रंग हवाच, म्हणून पोर्टर रंगीत फिल्मकडे वळला आणि मग तिथेच रमला. प्रिंटसाठी तो डाय ट्रान्स्फर पद्धत वापरायचा. यात लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून एकाच फोटोच्या तीन निगेटिव्ह करतात. त्यांवरून तीन रंगांचे थर एकावर एक अचूक बसवून प्रिंट काढतात. काम वेळखाऊ आणि किचकट, पण प्रत्येक रंगावर ताबा राहतो.

१९६० मध्ये पोर्टर पहिल्यांदा ग्लेन कॅनियनमध्ये गेला. युटा आणि ॲरिझोना राज्यांतून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीची ही दरी. तिला दोन्ही बाजूंनी वालुकाश्मातल्या अरुंद, वळणावळणाच्या घळी येऊन मिळत. पण खाली धरणाचं काम आधीच सुरू होतं. सगळं बुडणार हे ठरलेलं होतं. त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं तो पुन्हा पुन्हा तिथे गेला.

त्याचा कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा, ४ × ५ इंची फिल्मचा. अंधाऱ्या घळीत एक्सपोजर लांबलचक द्यावं लागे. पण खरी युक्ती होती प्रकाश ओळखण्याची. घळीच्या तळाशी थेट ऊन येत नाही. ते वरच्या भिंतीवर पडतं, समोरच्या भिंतीवर उसळतं आणि लाल दगडावरून येता येता केशरी होत जातं. त्याच वेळी सावलीतल्या ओल्या दगडावर आकाशाचा निळा रंग उतरतो. पोर्टर बहुतेक वेळा आकाश फ्रेमबाहेर ठेवायचा. त्यामुळे हे दोन्ही रंग एकाच फोटोत टिकायचे.

१९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले. त्याच वर्षी सिएरा क्लब या निसर्गप्रेमींच्या संस्थेने पोर्टरच्या फोटोंचं ‘द प्लेस नो वन न्यू’ हे पुस्तक काढलं. ग्लेन कॅनियनसाठी मात्र उशीर झाला होता. फोटोतल्या कितीतरी घळी लेक पॉवेल जलाशयाखाली गेल्या. पण जवळच्या ग्रँड कॅनियनमध्ये धरणं बांधायच्या योजनेला विरोध वाढत गेला, त्यात या पुस्तकाचाही हातभार लागला. १९६८ मध्ये ती योजना रद्द झाली.

पोर्टर १९९० मध्ये गेला. नंतर दुष्काळात जलाशयाचं पाणी उतरलं, तेव्हा बुडालेल्या काही घळी पुन्हा उघड्या पडल्या. त्या आधी कशा दिसत होत्या, हे पाहायला आज त्याचे फोटो आहेत.

आता तुमची पाळी. घळीत ०.५ एक्स वापरताना फोन सरळ धरा, वर तिरका केला की भिंती आत झुकतात. आकाश फ्रेमबाहेर ठेवा. ऑटो व्हाइट बॅलन्स केशरी रंग पुसून टाकू शकतो, म्हणून प्रो मोडमध्ये तो डेलाइटवर ठेवा. आणि जी जागा आज आहे, तिचा फोटो आजच काढा.