टिमथी हॅकवर्थ: रविवारी काम नाकारणारा इंजिनवाला लोहार

वाफेचं रेल्वे इंजिन म्हटलं की आपल्याला जॉर्ज स्टीफन्सन आठवतो. मलाही कॉलेज संपेपर्यंत तेवढंच माहीत होतं. पण इंग्लंडमधल्या ज्या वायलम गावात 1781 साली स्टीफन्सन जन्मला, तिथेच 1786 साली टिमथी हॅकवर्थ जन्मला.

त्याचे वडील तिथल्या कोळसाखाणीत मुख्य लोहार होते. टिमथी त्याच भट्टीवर काम शिकला आणि पुढे वडिलांच्याच जागेवर लागला. तेव्हा कोळशाच्या गाड्या घोडे ओढायचे. नेपोलियनच्या युद्धामुळे घोडे आणि चारा दोन्ही महागले, म्हणून मालक ब्लॅकेट यांना इंजिन हवं होतं. व्यवस्थापक विल्यम हेडली यांच्या देखरेखीखाली 1813-14 मध्ये 'पफिंग बिली' तयार झालं. त्याच्या घडणीत हॅकवर्थचा हात होता.

अडचण अशी, की इंजिनाच्या वजनाने बिडाचे रूळ तुटायचे. मग चारऐवजी आठ चाकं लावली. वजन तेच, पण प्रत्येक चाकावरचा भार कमी. आपण सर्व्हरवरचा लोड वाटतो ना, अगदी तसंच!

हॅकवर्थ मेथडिस्ट पंथाचा. रविवारी काम करायला त्याने नकार दिला आणि वायलमची नोकरी सोडली. घरात बायको-मुलं असताना हा निर्णय सोपा नव्हता.

1825 मध्ये तो स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेच्या इंजिनांचा प्रमुख झाला. इंजिनं सतत बिघडत होती. 1827 मध्ये त्याने सहा जोडचाकांचं 'रॉयल जॉर्ज' बांधलं. यात सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुरांड्यात सोडली होती. त्यामुळे हवा जोरात ओढली जाते, आग भडकते, वाफ वाढते. म्हणजे इंजिन जितकं जास्त राबेल, तितका भाता आपोआप जोरात!

1829 च्या रेनहिल स्पर्धेत मात्र त्याचं 'सां पारेल' बिघडलं आणि स्टीफन्सनचं 'रॉकेट' जिंकलं. नाव रॉकेटचं झालं. पण हरलेलं 'सां पारेल'ही नंतर बरीच वर्षं रुळांवर धावलं. हॅकवर्थ 1850 मध्ये गेला.

'पफिंग बिली' आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. रविवारी ऑफिसचा मेसेज आला की मला हा लोहार आठवतो. खरं सांगायचं तर मी अजून एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही.